पहिला वाडगा

आंतेपहून बुर्साला निघालेल्या बसमध्ये मुकद्देरनं मांडीवरचं बोचकं काही खाली ठेवलं नाही. प्रवाशांच्या हातावर लिंबाचं अत्तरपाणी घालत फिरणारा माणूस दोनदा म्हणाला, "मावशी, द्या इकडे, वर ठेवतो. पाय आखडतील."

"तू तुझं अत्तर वाट बाबा. पाय माझे आहेत."

शेजारी तिची झुल्फिये आत्या तोंड उघडं टाकून झोपली होती. पलीकडे खिडकीशी गुलचिन. उद्याची नवरी आज फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती. पूल बांधणाऱ्या कंपनीत ती इंजिनिअर होती आणि लग्नाच्या आदल्या दिवशीही तिला कुठल्यातरी खांबाची काळजी लागून राहिली होती.

बोचक्यात नवरीच्या न्हाणाचं सामान होतं. शिंपल्याची नक्षी जडवलेल्या खडावा, केस धुवायची माती, लाल रेशमी पंचा आणि सगळ्यांच्या मध्ये पंच्यात गुंडाळलेला चांदीचा वाडगा. वाडगा सआदेतचा, म्हणजे मुकद्देरच्या थोरल्या बहिणीचा. सआदेत गेली तेव्हा तिची लेक गुलचिन अजून बोट धरून चालत होती. बोट रिकामं झालं, ते मुकद्देरनं धरलं. एवढंच झालं होतं, आणि त्यातच आयुष्य गेलं.

स्थळं आली नाहीत असं नाही. पण जो येई त्याची आई कॉफी पिता पिता म्हणे, "पोरीला तिच्या आजीकडे ठेवता येईल, नाही का?" एकाच्या कॉफीत मुकद्देरनं मीठ घातलं होतं. नवऱ्यामुलाची गंमत म्हणून चिमूटभर घालतात तसं नव्हे, लोणच्याला घालतात तसं. तो मुलगा पुन्हा आला नाही. पुढे पुढे कुणीच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मुकद्देरला त्याचं फारसं काही वाटलं नाही. घरात रजया शिवायचं काम होतं आणि न्हाऊ घालायला एक पोर होती. हमाममध्ये डोक्यावर पाणी येतंय म्हटलं की ती पोर दोन्ही अंगठे कानात घाले, डोळे गच्च मिटे आणि मान अशी खाली घाली की जणू आभाळच कोसळणार आहे. आणि पाणी ओतून झालं की दर वेळी तेच. "मावशी, कानात गेलं!"

आता एकच गोष्ट बोचत होती. नवरीच्या न्हाणात पहिला वाडगा कुणीही घालू शकत नाही. तीन अटी असतात. बाईचं लग्न एकदाच झालेलं हवं, नवरा हयात हवा, आणि संसार सुखाचा हवा. तिचं सुख पाण्याबरोबर नवरीच्या अंगाला लागतं म्हणतात. मुकद्देरला हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर ती डफ शिकली. अर्ध्या आंतेपच्या नवऱ्या तिच्या डफावर न्हाल्या, आणि कुणाच्या कधी लक्षातही आलं नाही की ज्या हातात डफ असतो त्या हाताला वाडगा कुणी विचारत नाही.

पण या वेळी तिनं डफ आणलाच नव्हता.

कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. आत्या म्हणाली, "डफ विसरलीस गं!" तर ती "विसरले" म्हणाली आणि मोकळी झाली.

बुर्साचं न्हाण विहिणीनं ठरवलं होतं. ती नेरिमान हानिम, हानिम म्हणजे बाईसाहेब. गावातलं मोठं घर, मोत्यांची एकच बारीक सर, आवाज कधी चढायचा नाही. तिनं डोंगराच्या पायथ्याशी गरम झऱ्याचं पाणी घेतलेला एक खासगी हमाम पूर्ण दुपारभर राखून ठेवला होता. दारात मेणबत्त्या, एकावर एक रचलेले गोटे, आणि कुठूनतरी बासरी. दाराशी उभी असलेली मुलगी इतकं हळू बोलत होती की आत्यानं तिच्या तोंडापुढे कान नेला.

"इथं शांतता राखायची असते, आजी. आणि खाणं आत नेता येणार नाही."

"काय म्हणते?"

"खाणं नेऊ देत नाहीत म्हणते!" मुकद्देर ओरडली. मेणबत्तीची ज्योत हलली.

आत्याच्या हातात डबा होता. त्यात द्राक्षाच्या पानांतल्या गुंडाळ्या, लोणच्याच्या मिरच्या आणि तिखट मुठे. आत्यानं त्या मुलीला आपादमस्तक पाहिलं. "न्हाऊन उपाशी घरी पाठवता होय? मग मेल्यावरच न्हावं की माणसानं!" आणि डबा पंच्याखाली घेऊन, पोटुशी बाई चालते तशी सावकाश आत निघून गेली. त्या मुलीला एवढ्या म्हाताऱ्या पोटाला काय विचारावं ते सुचलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत नेरिमान हानिम मुकद्देरच्या शेजारी येऊन बसली.

"विहीणबाई, एक बोलू? पहिलं पाणी माझी बहीण मुअल्ला घालेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रीत आहे. मलाही कुठं घालता येतं? आमचे हे गेले, त्यानंतर माझ्या पोटच्या मुलीच्या न्हाणात मी मागे भिंतीशी उभी होते."

ती हे टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. टोचणाऱ्याला परत टोचता येतं. हिनं तर आपलीच जखम पुढे केली.

"रीत आहे," मुकद्देर म्हणाली. तिनं बोचकं सोडलं, वाडगा काढला, पदरानं पुसावा तसा पंच्याच्या टोकानं पुसला आणि दिला. देताना बोटं जरा जास्त वेळ चिकटली, तेवढंच.

आत ऊन ऊन वाफ होती. घुमटाच्या काचेच्या डोळ्यांतून उजेडाचे खांब खाली उतरले होते. मधल्या गरम शिळेभोवती दोन्हीकडच्या बाया बसल्या होत्या. गुलचिन लाल पंचा नेसून, खडावा वाजवत शिळेला फेऱ्या घालून आली, एकेकीच्या हाताचा मुका घेत. मुकद्देरच्या हातावर तिचे ओठ जरा थांबले. नवरीनं पाणी पडेपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही. मग शिळेवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. पुलाच्या कामाची बैठक असावी तशी.

मुअल्ला हानिम उठली. गोरीपान, भरलेली, केस नुकतेच रंगवलेले. तिनं संगमरवरी कुंडीतून वाडगा भरला, "बिस्मिल्ला" म्हटलं, हात उचलला.

आणि हात तिथंच राहिला.

बायका वाट पाहू लागल्या. कुंडीत थेंब पडत होते. मुकद्देरच्या मनात आलं, घाल बाई, घाल आणि सोडव एकदाचं. पण मुअल्लाच्या हातातला वाडगा कलला आणि पाणी तिच्याच मनगटावरून ओघळलं.

"नेरिमान," ती म्हणाली, "माझ्यानं नाही होणार गं."

"काय झालं? चक्कर येतेय?"

"चक्कर कसली! ईद झाली आणि हे बांदिर्माला गेले. तिथं एक बाई आहे. तुला कसं सांगू, हिंमतच नाही झाली. घरी खोटं बोलता येतं. इथं पोरीच्या डोक्यावर कसं खोटं ओतू?"

घुमटाखाली कुजबूज झाली. नेरिमाननं बहिणीच्या हातातून वाडगा घेतला, तिला जवळ बसवलं, खांद्यावर कोरडा पंचा टाकला. आवाज तिचा तेव्हाही चढला नाही. पण शेवटी न्हाण तर व्हायलाच हवं.

"सुहेला, तू ये."

"मी?" नेरिमानची जाऊ गडबडली. "माझं दुसरं आहे की, वहिनी. पहिलं फक्त तुम्हाला ठाऊक नाही."

"पहिलं?" दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"ते जाऊ द्या हो आता!"

"मग नेज्ला, तू."

शेजारीण नेज्ला हसायलाच लागली. "एक लग्न, बरोबर. नवरा हयात, बरोबर. धडधाकट आहे मेला. पण तिसऱ्या अटीचं काय करू? सकाळीच त्याला चहाचा पेला फेकून मारला."

"लागला?"

"लागला असता तर सुख म्हटलं असतं!"

मग जे हसू फुटलं त्याला काही आवर राहिला नाही. एकेक बाई आपण होऊन बोलू लागली. एकीचा नवरा जर्मनीहून फक्त पैसे पाठवतो. एकीचा घरातच असतो, हेच तिचं दुःख. एकीला आयुष्यात सुखी आहेस का असं कुणी विचारलंच नव्हतं, तिनं जरा विचार केला आणि तिला रडू आलं, मग तिच्याबरोबर मुअल्लाही रडली, आणि दोघी रडता रडता हसल्या. अंगावर एक पंचा उरला की बाईकडे लपवायला काय राहतं?

"काय झालं?" आत्यानं विचारलं. डबा तिनं एव्हाना शिळेमागे उघडला होता.

"सुखी बाई शोधताहेत, आजी!" नेज्ला तिच्या कानात ओरडली.

"हॅ! मला विचारा. कान गेले त्या दिवसापासून मी फार सुखी आहे. पण म्हाताऱ्याला जाऊन सहा महिने झाले."

आता उरलं कुणी नाही. नेरिमान हानिम हातातला रिकामा वाडगा बघत राहिली. पहिल्यांदाच तिचे खांदे थोडे खाली आले. "मग राहू द्या रीत," ती म्हणाली. "इथल्या मुलीला बोलावू, ती सरळ फवाऱ्याखाली न्हाऊ घालील."

फवाऱ्याखाली! कुणाच्या नाही तर नळाच्या हातून!

इथं मुकद्देर उठली. उठताना तिच्या गुडघ्यानं कट्ट असा आवाज केला आणि त्या वाफेत तो सगळ्यांना ऐकू आला. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. आयुष्यभर तिनं हे बोलणं डफाखाली दाबून ठेवलं होतं, आणि आज डफ नव्हता.

"मी घालणार," ती म्हणाली.

कुणीतरी पुटपुटलं, "पण बाई, तुमचं तर लग्नच..."

"झालंय. एकदाच झालंय. हिच्याशी." तिनं गुलचिनकडे हात केला. "हिची आई गेली त्या दिवशी हिनं माझं बोट धरलं. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाशी गाठ बांधली नाही. म्हणजे पहिली अट झाली. माझं माणूस हयात आहे, ही काय समोर बसलीय, माशाल्ला, दुसरी झाली. आणि सुख?"

तिनं पंच्याचं टोक नीट खोचून घेतलं.

"हिला गोवर आला तेव्हा मी सुखी नव्हते. हिनं न विचारता केस कापले त्या दिवशी नव्हते. बाकी दिवसांचा हिशोब कुणाला हवा असेल तर बसा, सांगते. पण पाणी निवेल."

"काय म्हणाली?" आत्या मोठ्यानं म्हणाली.

उत्तर नेरिमान हानिमनं दिलं. मोत्यांची सर बाहेर काढून ठेवलेली, ओले केस कपाळाला चिकटलेले, आणि तिचा आवाज असा चढला की घुमटानं तो दोनदा परत दिला. "एकच लग्न झालंय म्हणाली, आजी! आणि सुखाचं झालंय म्हणाली! एवढ्या बायकांत हिचं एकटीचं!"

"मग घाल की गं बये! मुहूर्त काय अंकाराहून यायचाय?"

नेरिमाननं स्वतः कुंडीतून वाडगा भरला, काठोकाठ, आणि दोन्ही हातांनी मुकद्देरपुढे धरला. "घ्या, विहीणबाई. मी भिंतीशी उभी होते ना, तेव्हा असं बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही."

"सुचतं कुठं वेळेवर," मुकद्देर म्हणाली. "मलाही आत्ताच सुचलं."

ती शिळेशी गेली. इतका वेळ ताठ बसलेल्या गुलचिननं वर पाहिलं नाही. तिनं फक्त दोन्ही हात मांडीवरून उचलले, दोन्ही अंगठे कानात घातले, डोळे गच्च मिटले आणि मान खाली घातली. आभाळ कोसळणार आहे अशी.

मुकद्देरला एक क्षण काही दिसेना. वाफ फार होती. मग तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि पाणी ओतलं. एका दमात नव्हे, तर सावकाश, कपाळावरून मागे, जसं आजवर ओतत आली होती तसं. चांदीवरचा उजेड पाण्याबरोबर पोरीच्या पाठीवरून घरंगळत गेला.

"मावशी," खालून आवाज आला, "कानात गेलं."

"जायचंच! एवढे पूल बांधतेस, कान दाबता येत नाहीत?"

आणि आत्यानं जीभ लोळवून आंतेपची ती आरोळी ठोकली, जी ऐकून तिकडे कबुतरं उडतात. बायका टाळ्या पिटू लागल्या. पण टाळीत ताल नव्हता. मुकद्देरचे हात मोकळे नव्हते. ती दुसरा वाडगा भरत होती. तेव्हा नेरिमान हानिमनं एक रिकामं तांब्याचं घंगाळ पालथं घातलं, मांडीत धरलं आणि वाजवायला सुरुवात केली. पहिले दोन ठोके चुकले.

"सावकाश धरा, विहीणबाई!" मुकद्देर ओरडली. "मनगटानं नाही, बोटांनी!"

तिसऱ्याला ताल लागला. मुअल्ला रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उठून नाचू लागली, सुहेलाला तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव सगळ्या मिळून विचारू लागल्या, आणि दार ढकलून ती हळू बोलणारी मुलगी आत आली. "कृपा करून..." एवढंच ती म्हणू शकली. आत्यानं तिच्या उघड्या तोंडात द्राक्षाच्या पानाची एक गुंडाळी घातली.

मुलीनं चावली. थांबली. मग आपल्याच हातानं दार आतून लोटून घेतलं.

मुकद्देर मात्र न्हाऊ घालत होती. पहिला वाडगा केव्हाच झाला होता. रीतीप्रमाणे आता कुणीही पाणी घालू शकत होतं. दोघीतिघींनी वाडग्यासाठी हातही पुढे केले.

तिनं कुणालाच दिला नाही.