दुपारच्या गाडीचा हॉर्न

आमच्या वाडीत एसटीची वाट बघत उन्हात कोणी उभं राहत नाही. दुपारची गाडी देवळाच्या वळणावर आली की ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारतो. मग माणसं पिशवी उचलून घरातून निघतात. ही पद्धत माणसांसाठी होती. सुभद्राच्या कुत्र्याने ती आपली करून घेतली.

कुत्र्याचं नाव बांगडो. लहानपणी शेजारच्या काशीबाईच्या टोपातला बांगडा पळवला, तेव्हापासून. तो खरा धनेशचा, सुभद्राच्या एकुलत्या मुलाचा. धनेश कुडाळला कॉलेजात होता तेव्हा दुपारच्या गाडीने परतायचा, आणि हॉर्न वाजला की बांगडो त्याला आणायला थांब्यावर जायचा. मग धनेश आखातात, दोह्याला हॉटेलात लागला. दोन वर्षांचा करार संपला की येतो म्हणाला होता. दोन वर्षं कधीच उलटली. कुत्र्याला करार कोण समजावणार? तो रोज जात राहिला.

पूर्वी थांब्याची वाट तांबड्या मातीची होती, वर आंब्याफणसांची सावली. मग किनाऱ्यावर रिसॉर्ट आलं. पाहुण्यांच्या गाड्यांना धक्के बसू नयेत म्हणून झाडं आडवी केली आणि सिमेंटचा रस्ता ओतला. उद्घाटनाला नारळ फोडताना रिसॉर्टच्या साहेबांनी चपला काढल्या होत्या, नाही असं नाही. पण तेव्हा खाली सतरंजी होती.

एप्रिलात बांगडो लंगडत घरी आला. सुभद्राने पंजा उलटून बघितला. गादी सोलून आतलं लाल मांस दिसत होतं. भेगाळलेल्या टाचांना आपण जे करतो तेच तिने केलं. कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे मुठेल, निखाऱ्यावर पातळ केलं आणि चारही पायांना चोपडलं. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला आणि तो तेलकट पायांनीच पळाला. खाली तवा, वर तेल. तिने त्याला थांब्यावरून उचलून आणला तेव्हा तो ओरडतही नव्हता.

गुरांच्या डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या. म्हणाले, "दुपारी रस्त्यावर सोडूच नका. आधी आपला हात सिमेंटवर टेकवून बघा. तुम्हाला सोसवला नाही तर त्यालाही सोसणार नाही."

तिने त्याला खांबाला बांधला. पण हॉर्न वाजला की तो दोरी ताणायचा, जीभ बाहेर येईपर्यंत. पट्ट्या फाटायच्या, जखम पुन्हा वाहायची.

"अगो, दोन दिवस रडतलो, मगे इसारतलो," काशीबाई म्हणाली.

"माझो धनेश इसारलो, तसो?"

काशीबाई उठून घरी गेली.

फोनवर धनेश म्हणाला, "आई, बांधून ठेव ना त्याला." तो आता आईशीही पुस्तकी बोलतो.

"बांधलंय. तू कधी येतलंस?"

"बघतो. इथे सीझन आहे."

"हयपण सीझन आसा. आंबे पिकान पडतत."

"ठेवतो हं, आई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्वतः थांब्यावर गेली. चपलेतूनही तळवे चटचटत होते. गाडी आली तशी ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर सुदेश, ओळखीचा.

"खंय जातंस, काकी?"

"खंयच नाय. दुपारी वळणार हॉर्न मारू नको रे. माझो कुत्रो धावता, पाय भाजतत त्याचे."

"आणि माणसा चुकली म्हणजे? माका शिव्या घालतली."

"दुपारी हय कोण चढता, सांग बघूया?"

सुदेशने आरशात बघितलं. मागे दोघी बायका पेंगत होत्या.

"आणि वळणार कोण आडवो इलो तर?"

"वळण रवला खंय? रस्तो करताना सरळ केल्यानी ना!"

"कुत्र्यासाठी एसटी मुकी करतंस, काकी. डेपोतल्या साहेबान इचारल्यान तर?"

"सांग, सुभद्रान सांगितल्यान."

सुदेश हसला. पण ऐकलं त्याने.

त्यानंतर दुपारची गाडी नुसती घरघरत जायची. बांगडो कान टवकारायचा, जरा थांबायचा आणि दारापुढच्या सारवलेल्या खळ्यात पुन्हा निजायचा. दोरी सोडली तरी हलला नाही. पायांवर नवी कातडी धरू लागली.

बिघडलं ते सुभद्राचं. इतके दिवस हॉर्न वाजला की ती दारात यायची. कुत्र्याला हाक मारायला, असं ती लोकांना सांगायची. आता हाक मारायला कारण नव्हतं. दुपार कधी झाली ते कळेना, जेवायची वेळच होईना. कोकमं फोडता फोडता हात थांबायचा, नुसताच. रस्ता पांढराफटक, रिकामा. यालाच सुधारणा म्हणतात म्हणे.

जखमा पुऱ्या भरल्या तेव्हा ती परत सुदेशच्या खिडकीखाली उभी राहिली.

"आता काय बंद करू, काकी? इंजिन?"

"सांजेच्या गाडयेक वाजव. उन्हा उतारल्यार."

"सांजेक धनेश कधी येय नव्हतो."

"दुपारी तरी खंय येता?"

सुदेशने मान डोलावली आणि गिअर टाकला.

त्या संध्याकाळी सिमेंट निवल्याची तिने हात टेकवून खात्री केली. मग दोन हॉर्न झाले. बांगडो उठला आणि थांब्याकडे सुटला. ती मागून चालत गेली. गाडी उभी राहिली. दार उघडेपर्यंत तिने विस्कटलेले केस कानामागे सारले, पदर नीट केला, आणि कुत्र्याच्या शेजारी उभी राहून पायरीकडे बघू लागली.