शून्यावा आठवडा

लेटीने खोडरबर इतक्या जोराने घासला की वहीचा कागद चुरगळला.

"हळू गं. कागदाने काय घोडं मारलंय तुझं?" एझरा म्हणाला. तो नुकताच समुद्रातून शेवंडा, म्हणजे लॉब्स्टर, पकडून परतला होता आणि ओल्या चड्डीतच चहा पीत होता.

"चुकतंय, बाबा."

शाळेच्या बाईंनी गृहपाठ दिला होता : घरातलं काहीतरी मोजा, सारणी करा, तिच्यावरून रेषेचं समीकरण काढा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या बदू बेटावरच्या निम्म्या पोरांनी पावसाच्या पाण्याच्या टाक्या मोजल्या. लेटीने धाकट्या बहिणीचं वजन घेतलं. बहीण वेळेच्या फार आधी जन्मली होती, तिकडे केर्न्सच्या मोठ्या इस्पितळात, आणि अमा, म्हणजे लेटीची आई दोर्कस, तिच्याबरोबर तिथेच होती. या दोघा बापलेकींनी बाळ पाहिलं होतं ते फक्त फोनवर, टोपीत बुडालेलं.

अमा दर शनिवारी संध्याकाळी फोन करायची. पहिले काही आठवडे ती नुसतं "बरी आहे" म्हणे. पाचव्यापासून आकडे सांगू लागली. पाचवा आठवडा, सतराशे ग्रॅम. सहावा, अठराशे साठ. सातवा, दोन हजार वीस. आठवा, दोन हजार एकशे ऐंशी.

"दर आठवड्याला बरोबर एकशे साठ," लेटी म्हणाली. "बाईंना वाटेल मी घरी बसून बनवले."

"मग घरी कधी?"

"अडीच किलोला सोडणार ना? दहाव्या आठवड्यात."

एझराने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. "मग चुकलं कुठे, बाई?"

"सुरुवातीला. समीकरणात शून्याव्या आठवड्याचा आकडा लागतो. सतराशेतून पाच आठवड्यांचे आठशे काढले की उरतात नऊशे. पण अमा तर म्हणाली होती, जन्मली तेव्हा दीड किलो होती."

एझराने कप खाली ठेवला.

बाळ जन्मलं त्या दिवशी तो पिशवी भरून केर्न्सला निघालाच होता. "दीड किलोची आहे, चांगली धडधाकट," दोर्कस फोनवर म्हणाली होती. "तू येऊन काय करणार? हंगाम आत्ता उघडलाय, लेटीला एकटी टाकू नकोस." त्याच्या जिवात जीव आला. त्याने पिशवी रिकामी केली आणि धक्क्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, दीड किलो!

तो उठून मागच्या पडवीत गेला. शेवंड काट्यावर ठेवण्याआधी हातानेच वजन सांगायची धक्क्यावर पैज लागे, आणि एझरा नेहमी जास्तच सांगे म्हणून सगळे त्याची टर उडवत. आज त्याने टबातून एकेक उचलून काट्यावर ठेवली. नऊशेची सापडली, तशी ती तळहातावर घेतली. एका हातात मावत होती. तो तिला धरून तसाच उभा राहिला.

आत फोन वाजला.

"दोन किलो तीनशे चाळीस!" लेटी ओरडली. "अमा, रेषेवर! अगदी रेषेवर!"

एझराने हात पुसून फोन घेतला.

"दोर्कस, नऊशेची होती का गं ती?"

पलीकडे कुठलंसं यंत्र टुकटुकत राहिलं.

"नऊशे दहा," ती म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"लेटीच्या गृहपाठाने."

"रागावलास?"

"मी सगळ्या गावाला दीड किलो सांगत फिरलो."

"तू समोर आला असतास तर मी रडत बसले असते, एझरा. तेव्हा रडायला वेळच नव्हता."

लेटी खोडलेल्या जागी पुन्हा नऊशे लिहीत होती.

"लेटीला माझ्या ताईकडे ठेवतो. सोमवारच्या विमानाने निघतो," तो म्हणाला.

"अरे, आठवड्यात आम्हीच येतोय. हंगाम आहे तुझा."

"शेवंडा कुठे पळून चालल्यात? आता वेळ आहे ना तुला?"

"आहे."

"मग येतो मी. रडू सावकाश, दोघं."