मुरणीखालचा मास्क

सेनगावच्या सप्ताहात, भर दुपारच्या कीर्तनात नर्मदाबाईंचा डोळा लागला, एवढाच काय तो गुन्हा. महाराज ध्रुवाची गोष्ट सांगून राहिले होते आणि मांडवाच्या खांबाला टेकून नर्मदाबाई घोरून राहिल्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, पहाटे चारपासून पंगतीच्या कामाला जुंपलेली. कोणीही खांदा हलवून जागं केलं असतं. पण शेजारी बसली होती धाकटी जाऊ, गंगूताई. तिनं खांदा हलवला नाही. पदराआड मोबाइल धरला आणि चांगलं दीड मिनिट आवाज भरून घेतला.

दिवेलागणीला तो आवाज भावकीच्या ग्रुपवर. खाली गंगूताईनं लिहिलेलं, ‘ओळखा पाहू, कोणाचा ट्रॅक्टर?’

ज्या बाईला विचारल्याशिवाय भावकीत एक सोयरीक ठरली नाही, तिला शेंबडी पोरं ‘ट्रॅक्टर आजी’ म्हणू लागली. नवरा उकंडराव म्हणाले, “जाऊ दे ना. घोरतीस ते काय खोटं हाय?” त्या दिवशी उकंडरावांच्या ताटात भाजीभाकर पडली, पण बायकोचा एक शब्द पडला नाही.

त्यातच अधिक महिना आला, म्हणजे जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालायचा महिना. गंगूताई डोंगरकडा गावी बंगला बांधून न्यारी राहायची. तिचा जावई येणार, नांदेडची विहीणबाईही येणार. फोनवर आवाजात साखर घोळून ती म्हणाली, “बाई, या बरं का. जेवून पडायची तुमची सोय न्यारी केली, कडबाकुट्टीच्या खोलीत. तितं मशीन चालूच असती. तुमचा आवाज कोणाला कळायचाबी न्हाई.”

नर्मदाबाईंनी फोन दाणकन ठेवला. थोरल्या जावेची जागा माजघरात, विहिणीच्या शेजारी. ती जागा गेली तर मागं काय उरलं?

आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी खुद्द गंगूताईला ठाऊक नव्हती. गंगूताईही घोरायची. नवी नवरी होती तेव्हापासून. नर्मदाबाई चारला उठायच्या आणि अंधारात चूल पेटवता पेटवता तिची करवत ऐकायच्या. पण रात्रभर थोरलीचा आवाज एवढा मोठा, की धाकटीचा कोणाच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

म्हणजे आपण गप्प झालो की झालं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांमागंच सांगितलं होतं. बोटाला वायर लावून घरी रात्रभर तपासणी झाली होती. झोपेत श्वास तासाला तीस-तीसदा अडकतो, दाबानं हवा सोडणारं मशीन लावून झोपा, नाहीतर काळजावर ताण येईल. तेव्हा नर्मदाबाई म्हणाल्या होत्या, “म्या काय मेले का नळ्या लावायला?” आता त्याच बाई नात सृष्टीला घेऊन आपल्या पायानं मशीनच्या दुकानात गेल्या. काळजापायी नाही. गंगूपायी.

दुकानातल्या मुकुलनं आधी भला मोठा मास्क काढला, नाकतोंड दोन्ही झाकणारा.

“हे तर बैलाचं मुसकं!” नर्मदाबाई कडाडल्या. “बैलाला घालतेत ते दुसऱ्याच्या पिकात तोंड घालू नये म्हणून. म्या कोणाच्या पिकात तोंड घातलं?”

“आजी, तोंडानं श्वास घेणाऱ्यांना लागतो हा.”

“माझं तोंड बोलायला हाय. दुसरं दाव.”

दुसरा नुसत्या नाकावर बसणारा. तो नेमका नाकातल्या मुरणीवर चढला, कडेनं हवा फुटली आणि डोळ्यात जाऊन पाणी काढू लागली. नर्मदाबाईंनी पट्टा आवळला. हवा जास्तच फुटली. आणखी आवळला.

“आजी, सैल करा. जितकं आवळाल तितका तिरपा होतो.”

“सैल सोडून कोणतं काम झालं रे आजवर?” असं म्हणत त्यांनी आणखी एक घर ओढलंच. काढला तेव्हा दोन्ही गालांवर दोरानं बांधल्यासारखे वळ.

तिसरा ल्हानसा, नाकपुड्यांच्या खाली बसणारा, लोण्यासारखा मऊ. नळी डोक्यावरून मागं. अंबाडा आड येत होता, तो त्यांनी मानेवर खाली घेतला. बसला बराबर. पण मुरणीची आतली फिरकी मऊ कडेला टोचायची आणि बारीक शिट्टी वाजायची.

“झोपण्यापुरती मुरणी काढून ठेवा ना.”

सृष्टीनं डोळे मिटून घेतले, आता काय होतंय म्हणून. मुरणी सासूनं मरताना स्वतःच्या नाकातून काढून थोरल्या सुनेच्या नाकात घातलेली. तीस वर्षं गंगूताईची नजर तिच्यावर. मास्कपायी नर्मदाबाईंनी मुरणी उतरवली, एवढी बातमी लागली असती तर तिनं पेढे वाटले असते.

“मुरणी चितेवर निघंल,” नर्मदाबाई म्हणाल्या. “मशीन बंद कर. आले म्या.”

त्या उठल्या त्या थेट सोनाराकडं. “फिरकी घासून सपाट कर. मुरणी जाग्यावरून हलली न्हाई पाहिजे.” सोनार कुरकुरला, मग घासली. परत येऊन त्या दुकानातल्या बाकड्यावर डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. मुकुल म्हणाला, मास्क बसून बघायचा नसतो. जशी झोपायची सवय, तसं पडून, हवा चालू ठेवून बघायचा. शिट्टी नाही, गळती नाही. पाचव्या मिनिटाला नर्मदाबाई गाढ.

उठवल्यावर पहिला प्रश्न, “घोरले का?”

“न्हाई आजी,” सृष्टी म्हणाली.

“आईच्यान?”

“आईच्यान.”

पुढं तीन आठवडे रोज झोपताना तोच मास्क. पहिल्या चार दिवसांत नाक कोरडं पडलं, मग सवय झाली. सकाळी डोकं जड होईना, दुपारी पेंग येईना. उकंडराव खूश होऊन काही बोलायला गेले, तर त्यांना उत्तर मिळालं, “तुमच्यासाठी न्हाई लावलं.”

डोंगरकड्याला गंगूताई दारातच उभी. नळीची पिशवी बघून म्हणाली, “अगंबाई, मशीन! मग मुरणी काढावी लागली असंल?”

नर्मदाबाईंनी नाक उजेडाकडं केलं. मुरणी लखलखली. “तुझा डोळा हाय ना तिच्यावर, म्हणून सांभाळून ठेवली. आन् कडबाकुट्टीपाशी म्हैस बांध. म्या विहीणबाईपाशी पडते.”

धोंडे झाले, तूप झालं, जावयाला चांदीचं निरंजन देऊन झालं. बायका कूलरपुढं आडव्या झाल्या. मधी विहीणबाई, अल्याड नर्मदाबाई, पल्याड गंगूताई. नर्मदाबाईंनी मास्क लावला आणि डोळे मिटून जाग्याच पडून राहिल्या. पापणीच्या फटीतून त्यांना दिसलं, गंगूताई मोबाइल हातात धरून आवाजाची वाट बघत पडली होती.

पण पुरण कोणाला सोडत नाही. दहा मिनिटांत मोबाइल छातीवर, तोंड उघडं, आणि करवत सुरू.

विहीणबाई दचकून उठल्या. आधी नर्मदाबाईंकडं बघितलं. तिथं सगळं शांत. मग दुसरीकडं बघितलं आणि त्यांचा पदर तोंडावर गेला. चार बायका कोपरावर उठल्या. दारातून संगं आलेल्या सृष्टीचा मोबाइल सगळं भरून घेत होता.

आणि करवत थांबली. आवाज नाही, छाती हलेना. दहा मोजले, पंधरा झाले, वीस झाले.

“अहो, यांचा श्वास...” विहीणबाई घाबरल्या.

नर्मदाबाईंना ते थांबणं ओळखीचं होतं. त्यांनी मास्क काढला, वाकल्या आणि फासळीत कोपर हाणलं. गरज होती त्याच्या दुप्पट जोरानं.

गंगूताई घुर्रकन् श्वास ओढत उठली. सगळ्या तिच्याकडंच बघून राहिलेल्या. “काय झालं?”

“काई न्हाई,” नर्मदाबाई म्हणाल्या. “ट्रॅक्टर बंद पडला व्हता. धक्का मारला.”

विहीणबाईंना हसू आवरेना. आवाज त्याच संध्याकाळी ग्रुपवर गेला. “खाली काय लिहू, आजी?” सृष्टीनं विचारलं. “काहून लिहायचं? आवाजच बोलून राहिला की,” नर्मदाबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी गंगूताईची तपासणी झाली, श्वास अडकत होताच. तिला दुकानात घेऊन गेल्या त्या नर्मदाबाईच. दुसऱ्या कोणाला त्यांनी जाऊच दिलं नाही.

“तोंड उघडं राहतं का झोपेत?” मुकुलनं विचारलं.

“जागेपणीबी मिटत न्हाई,” नर्मदाबाईंनीच सांगून टाकलं.

मुकुलनं ल्हान मास्क लावून पाहिला, हवा सगळी तोंडातून बाहेर. मग त्यानं खरोखरच मोठा काढला, नाकतोंड झाकणारा. गंगूताईचा चेहरा पडला. “बाई, मलाबी तुमच्यावानी ल्हान पाहिजे व्हता.”

“तुला हाच बराबर बसतो. पड आडवी.”

पट्टे नर्मदाबाईंनी आपल्या हातानं लावले. आधी एक घर जास्त आवळलं. मग मुकुल बघतोय म्हणून सैल केलं. हवा सुरू झाली. गंगूताईनं आतून काहीतरी म्हणायला तोंड हलवलं, पण बाहेर शब्द आला नाही.

“किती वेळ ठेवायचा रे?”

“वीस मिनिटं तरी, आजी.”

नर्मदाबाईंनी स्टूल ओढलं, बाकड्यापाशी पाय पसरून बसल्या आणि मुरणी बोटानं नीट केली.

“आता आईक गंगू,” त्या म्हणाल्या. “तू लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून सांगते.”