तिसऱ्या छिद्रातली किंकाळी

त्या रविवारीही वडिलांकडे आल्यावर तिने माउथ ऑर्गनचं तिसरं छिद्र मुद्दाम किंचाळवलं.

त्यात अवघड काही नव्हतं. श्वास आत घेत सूर खाली वाकवायचा, तेव्हा घसा मोकळा ठेवला तर तो अलगद उतरतो. ओठ आवळून हिसका दिला, की आतली पितळी पट्टी आडवी थरथरते आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडते. सूर नीट वाकवणं तिला दोन वर्षांपासून येत होतं. वडिलांना मात्र तिने ते सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून बापलेकीला बोलायला विषयच उरला नव्हता. "जेवलीस?" "जेवले." संपलं. पण बिघडलेली वस्तू समोर ठेवली, की बाबांना वाचा फुटायची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो.

"आलं का तुझं रडकं पोर?" त्यांनी हात पुढे केला.

"गेल्या रविवारी तुम्हीच बरं करून पाठवलं होतंत."

"मी बरं करतो, तू आठवडाभर लाडावून ठेवतेस."

खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, खालचं झाकण काढलं. पट्टीच्या बुडाशी, कोपऱ्यात, मोहरीच्या निम्म्याएवढं मेण लावलं की आडवी थरथर थांबते, हे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. सुईचं टोक पट्टीला टेकवलं, झाकण बसवलं.

"दर आठवड्याला मेण निघतंच कसं हो?"

"नाचता येईना, अंगण वाकडं. जा, चहा टाक."

दोघांनी चहा घेतला. अर्धा तास ते पट्ट्यांबद्दल बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली.

मंगळवारी सकाळी दाढी करता करता ते खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ती आणि आत्या खोली आवरायला बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांशी ती नीट बोलली होती, कागदपत्रं तिनेच पुरी केली होती. सलत होतं ते एकच. आपण या माणसाला दोन वर्षं फसवलं. खोट्या दुखण्यावर तो खरं औषध लावत राहिला, आणि तसाच गेला.

"वाजव की गं काहीतरी," शर्टांच्या घड्या घालत आत्या म्हणाली. "घर नुसतं खायला उठलंय."

तिने माउथ ऑर्गन ओठांना लावला. तिसऱ्या छिद्रावर सूर हलकेच वाकवू गेली, तर किंकाळी. पुन्हा घेतला, पुन्हा किंकाळी.

"अगं बाई, कानठळ्या बसवतेस का?"

या वेळी तिने काहीच मुद्दाम केलं नव्हतं. घसा दाटला आहे हे तिला कळत होतं, तरी हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. निदान मेण तरी नव्याने लावावं. झाकण काढून तिने बाबांचं भिंग डोळ्याला लावलं.

पट्टीवर मेण नव्हतं. गळून गेलं असतं, तर चिकट डाग तरी राहिला असता. तिने शेजारची पट्टी पाहिली, मग तिसरी पुन्हा पाहिली. बूड, कोपरा, सगळं नव्यासारखं स्वच्छ. त्या जागेला कधी काही लागलंच नव्हतं.

चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. उगाच उघडायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच परत पाठवत. तिला मात्र त्यांनी दर रविवारी टेबलाशी बसवून घेतलं होतं, आणि कोरडी सुई टेकवून पुढच्या रविवारची सोय करून ठेवली होती.

"काय गं, तुटलं का?" आत्याने विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

भिंग काढून तिने झाकण पुन्हा बसवलं. मग आत्या ऐकते आहे याची पर्वा न करता म्हणाली,

"बाबा, मी तुमच्यासाठी यायचे. मला फक्त तुमच्याजवळ बसायचं असायचं."