डोळ्यातलं औषध

बाटलीच्या तोंडाशी थेंब फुगतो, लोंबतो, पडावं की नाही असं क्षणभर ठरवत राहतो… आत्ताही तसाच थांबलाय, आणि त्याच्याखाली नवऱ्याचा उघडा डोळा, पापणी तिनंच बोटानं खाली ओढलेली. रोज संध्याकाळचं हे काम तिचं. उभा जन्म त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ब्रश धरलेला हात कधी हलला नाही, पण स्वतःच्या डोळ्याजवळ बाटली आली की पेंटरची बोटं थरथरतात. सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणते, लाडात असली की तीसुद्धा.

त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा सगळ्यांनी रंगावरच खापर फोडलं. कुठली औषधं चालू आहेत, असं छातीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं—"छे हो, साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत," तिनंच सांगितलं, वर तोऱ्यात. काचबिंदूची ही बाटली औषधांच्या डब्यात कधी नव्हतीच. आरशापाशी, कंगव्याशेजारी असायची. डोळ्यात घालायचं ते कसलं औषध! मग दुकान बंद केलं, रंगाचे डबे भंगारात दिले, आणि दम वाढतच गेला. मला मेलीला एकदा तरी सुचावं की नाही…

काल छातीच्या डॉक्टरांनी बाटली पाहिली. हे औषध रक्तात उतरतं, श्वासनळ्या आवळतं, बंद करा, म्हणाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बंद केलं तर नजर जाईल. दुसरे थेंब पूर्वीच सोसले नव्हते, ऑपरेशन या छातीला झेपायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पेंटर मात्र शांत होता. "लागू दे दम. आंधळा होऊन श्वास कशाला घेत बसू? तू घालत राहा."

तुमचं बरंय हो, ती मनातच म्हणाली. तुम्ही उशीला टेकून हवा ओढत बसता, आणि मी शेजारी पडून पुढचा श्वास येतोय का ऐकते… डोळे तुमचे असतील, पण ही घरघर थांबली तर या घरात मी कुणाचं तोंड बघू?

दुपारी तो झोपलेला असताना तिनं बाटलीचं बूच दातांनी उचकटलं होतं, औषध मोरीत ओतलं होतं, आणि उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवलं होतं.

थेंब पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. त्यानं डोळे मिटले.

"आज झोंबलं नाही," तो म्हणाला.

"सवय झाली असेल."

चाचपत त्यानं तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं—कळून, की नुसतंच, हे तिला समजेना, आणि विचारायची सोय तिनंच ठेवली नव्हती. आपण याला अजून दिसतोय का, हे आता रोज चोरून बघावं लागणार, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.