सातव्या वर्षाचं फूल

हुबेहूब दगडासारखी दिसणारी झाडं खरंच असतात. माझा धाकटा भाऊ नर्सरीत कामाला होता, ती तो रोज विकायचा. वहिनीला मात्र त्याने कुंडीत साधा गोटा बसवून दिला.

"सात वर्षांनी एकदाच फुलतं, वहिनी. ज्या घरात फुलतं त्या घरात पाळणा हलतो. शहरभर बोलतात लोक."

वहिनीच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती रोज सकाळी गोट्याला वाटीभर पाणी घालू लागली. तो दगडच आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरल्यालाही. (थोरला म्हणजे तिचा नवरा.)

मधली वर्षं गाळते. त्यांत आमच्या हसण्यापलीकडे काही झालं नाही.

सातव्या वर्षी धाकट्याने गोट्यावर डिंकाने एक पिवळं फूल चिकटवलं. सकाळी ते बघून वहिनी किंचाळलीच, धावत येऊन थोरल्याच्या गळ्यात पडली. आम्ही स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होतो.

मग ती पाणी घालायला गेली आणि फूल तिच्या बोटाला चिकटून आलं.

ती तशीच आमच्यासमोर येऊन उभी राहिली. बोटावर डिंक चकाकत होता. आता हिला कळलं, म्हणून आम्ही श्वास रोखला.

"भावजी," ती रडत म्हणाली, "माझ्याच हातून खुडलं गेलं हो. आता काय?"

थोरल्याने पेपर तोंडासमोर धरला. धाकट्याला काही सुचेना.

आईला सुचलं. "मेलीचा हातच तसला! आता पुन्हा सात वर्षं."

वहिनीने डोळे पुसले आणि वाटी भरायला गेली.