केसांना धरलेला माणूस

“अगं, आभारात तुझं नाव घातलंय ना? मग झालं तर.” निशिकांत सरांनी पुस्तकाचं प्रूफ तिच्यापुढे सरकवलं.

भावनाने ओळ वाचली. नाण्यांच्या साफसफाईसाठी भावना यांचे आभार. शेवटचं प्रकरण तिने लिहिलेलं. त्याच्यावर नाव निशिकांतचं.

तीन वर्षं ती सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या भाड्याच्या खोलीतून विद्यापीठाच्या या लॅबमध्ये येत होती. कुणा श्रीमंताने दान दिलेली रोमन ब्राँझची नाणी, नखाएवढी, हिरव्या पुटांनी खरूज झाल्यासारखी. सुईने ओरखडा उठतो म्हणून ती गावाहून बाभळीचे काटे मागवायची आणि मायक्रोस्कोपखाली कण कण खरवडायची. जुन्या यादीत या नाण्यांपुढे एवढंच लिहिलेलं : पंखवाली विजयदेवता. पुट निघालं तेव्हा देवतेच्या मुठीत केस दिसले. केसांखाली माणूस. हात मागे बांधलेला, गुडघ्यांवर फरपटत चाललेला. एकोणीस नाण्यांवर. यादी करणाऱ्या एकाही विद्वानाला तो दिसला नव्हता.

तिचा वर्क पास पुढच्या महिन्यात संपत होता. पुस्तकावर नाव असेल तर विभाग मुदत वाढवणार, नाहीतर सामान बांधायचं. निशिकांतला हे चांगलं ठाऊक होतं.

“सर, तो कैदी मी शोधलाय.”

“सापडला गं तुला, मान्य. पण अर्थ लावायला बैठक लागते. आमच्या घरात तीन पिढ्या संस्कृत आहे.”

“नाण्यावर लॅटिन आहे, सर.”

निशिकांतचा चेहरा उतरला. “हेच तुझं. लगेच डोक्यात राख घालतेस. पुढच्या पुस्तकात बघू.”

“पुढच्या पुस्तकाला मी इथे असणारे का?” ती म्हणाली. “माझी आजी नगरपालिकेत रस्ते झाडायची. रिटायर झाली तेव्हा साहेबांनी नारळ दिला आणि हेच बोलले, साफसफाईसाठी आभार. तिने खरंच झाडलं होतं. मी प्रकरण लिहिलंय.”

“आता यात जात कुठून आणलीस? सिंगापुरात आहोत आपण.”

जात तिने आणली नव्हती. ज्यांच्या सामानातून ती येते, त्यांना तिचं वजन लागत नाही, एवढंच.

तिने पेन उचललं, आभाराच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.

“वेडी आहेस का? पुस्तकात कुठेच राहणार नाहीस तू.”

“नकोच राहायला. असं तर नकोच.”

तो प्रूफ घेऊन गेला. दार हळूच लावलं, सभ्य माणूस.

ट्रेमध्ये शेवटचं एक नाणं उरलं होतं. ती मायक्रोस्कोपवर वाकली. दुपारपर्यंत कैद्याचे गुडघे मोकळे झाले, मग बांधलेले हात, मग चेहरा, रव्याच्या कणाएवढा. केसांपाशी येऊन ती थांबली. वरची मूठ, पंख, देवता, सगळं हिरव्या पुटात तसंच राहू दिलं. नाणं डबीत ठेवलं आणि नोंदवहीत लिहिलं : काम पूर्ण.